मांजऱ्या

पुस्तकातल्या पृथ्वीची एक फोड कुणीतरी आधीच उचललेली,
आत पिवळं, केशरी, मग डोळे दिपवणारं पांढरं.
मी सफरचंद आणते.
क्विन्सीत सफरचंदाला तोटा नाही,
ऑफिसातल्या टोपलीत, बसच्या सीटखाली,
कुणाच्याही दप्तरात एखादं मऊ पडलेलं.
सुरी फिरवून दाखवते सहावीच्या मुलांना:
हे साल, हे कवच. आपण सगळे ह्याच्यावर,
शाळा, बागा, शीतगृहं, रेल्वेचे रूळ.
गर म्हणजे प्रावरण. बियांच्या घराशी गाभा.
"तिथं कोण जाऊन आलं?" वायट विचारतो.
कुणीच नाही.
भूकंपाच्या लाटा तेवढ्या जाऊन येतात,
त्यांना किती उशीर झाला त्यावरून ओळखायचं.
कलिंगड वाजवून घेतो ना आपण, तसं.

संगमनेरकडे माझे वडील पहार वाजवत.
विहीर खणायला बोलावलेला माणूस,
खिशात सुरुंगाची वात,
पहार आपटून कान देत, मग सांगत:
वर माती हातभर, मग मुरूम,
मग मांजऱ्या, तो बरा, त्याच्या अंगाला भोकं असतात,
मग कातळ. कातळ बोलत नाही,
पण त्याला चीर असली तर पाणी तिथूनच.
आणि दोन काळ्या थरांमध्ये कधी तांबडा पट्टा लागला
की काम थांबवून विडी पेटवत.
म्हणत, इथं मध्ये बराच काळ काही झालं नाही.
चौथी नापास.
मला तेच वाक्य परीक्षेत लिहायला
तीन वर्षं विद्यापीठात जावं लागलं:
दोन लाव्हांच्या मधली उसंत, जिची माती झाली
आणि पुढच्या लाव्हानं ती भाजून काढली.

मार्चमध्ये मुलांना कोलंबिया नदीच्या कड्याशी नेलं.
काळे खांब, एकाला एक खेटून.
तापलेला रस निवताना आखडला आणि असा तडकला,
मी सांगत होते. मुलं चिप्स खात होती.
खांबांच्या वरच्या अंगाला हात लावला.
भोकं. भोकांत पांढरे खडे.
"मांजऱ्या," मी मोठ्यानं म्हणाले,
आणि सत्तावीस तोंडांनी वहीत लिहिता लिहिता म्हटलं, "मांजऱ्या".
त्यांना वाटलं हाच शब्द आहे.
आहेच.
तिकडचा साडेसहा कोटी वर्षांचा, हा जेमतेम दीड कोटीचा,
धाकटा, पण खोड तीच:
जमीन फाडून वर यायचं, ऐसपैस पसरायचं,
आणि मग गप्प.

एप्रिलमध्ये वातावरणाचा धडा.
फळ्यावर थर काढले, खाली लिहिलं:
वर जावं तसतशी हवा गार.
इत्झेल बाकावर डोकं टेकून झोपलेली.
उठवलं तर फळ्याकडे बघत म्हणाली,
"रात्री उलटं असतं, मिस."
वर्ग हसला.
"आभाळ मोकळं असलं की जमीन सगळी ऊब सोडून देते.
गार हवा जड. ती खाली झाडांत बसते, मोहोर करपतो.
ऊब असते वर, विजेच्या खांबाच्या टोकाशी.
पापा दोन वाजता मोठे पंखे चालू करतात,
तिला खाली ओढायला.
मी थर्मामीटर वाचते आणि ओरडून आकडा सांगते."
तिची बोटं फुटली होती.
मी खडू उचलला,
"वर" च्या आधी बारीक अक्षरात "बहुतेकदा" घुसवलं,
आणि तिला म्हटलं, झोप.

त्या रात्री खिडकी उघडी ठेवली.
दोन वाजून दहा मिनिटांनी आवाज सुरू झाला,
जणू एक हेलिकॉप्टर, कुठंच न जाणारं.
अंगणात गेले. हात वर केला. पुरला नाही.
मग वाकून, कुणी बघत नाही असं पाहून,
टाच आपटली.
माती.
हातभर तरी.